खांब, मी आणि राजीनामा

दुबईत जबल अलीच्या आमच्या गोदामात माझ्याशिवाय एकही ट्रक आत जाऊ शकत नव्हता. गेटची साखळी काढायचं काम माझ्याकडे होतं.

ट्रक आला की साखळी काढायची, ट्रक गेला की लावायची. मधे वेळ मिळाला तर गेटसमोरची वाळू झाडायची. हे मी अकरा वर्षं केलं. गावी मात्र सांगितलं होतं की मी गेट इन्चार्ज आहे, आणि ते तसं खोटंही नव्हतं, कारण त्या गेटवर दुसरं कुणी नव्हतंच.

मग एक दिवस दोन माणसं आली आणि साखळीच्या जागी एक लाल-पांढरा खांब बसवून गेली. बाजूला एक कॅमेरा. ट्रकचा नंबर बघितला की खांब आपोआप वर जातो, ट्रक गेला की खाली येतो. पहिले काही दिवस मी त्याला मदत करायचो. म्हणजे तो वर जायला लागला की मी हात वर करायचो, ड्रायव्हरला वाटावं की मीच सांगितलं. खांबाला जेवणाची सुट्टी लागत नाही, गावी जायचं तिकीट लागत नाही. मला तेव्हाच समजायला हवं होतं. पण मी खांबाला फडक्याने पुसत बसलो, धूळ बसून कॅमेरा बिघडायला नको म्हणून.

इथे थोडं विम्याचं सांगतो, कारण पुढची सगळी गंमत त्याच्यावर आहे. या देशात सरकारचा एक विमा आहे, नोकरी गेली तर काही महिने पैसे देणारा. आमच्यासारख्या कमी पगारवाल्यांना महिन्याला पाच दिरहम पडतात, म्हणजे आपले एकशेपंधरा रुपये. मोठ्या पगारवाल्यांना दहा. नाही भरला तर चारशेचा दंड, म्हणजे नऊ हजारांच्या वर. आम्ही कामगार राहायचो त्या कॅम्पात सगळ्यांनी तो दंडाच्या भीतीने भरला. त्यातून पैसे मिळतात हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. ते मी घातलं.

मी बँकेच्या मशीनजवळ उभा असताना एक माणूस दुसऱ्याला समजावत होता, त्याचं अर्धं मी ऐकलं. पगाराचे साठ टक्के, तीन महिने. एवढ्यावर मी आमच्या खोलीत विम्याचा जाणकार झालो. रात्रपाळीचे दिवसपाळीवाल्यांना सांगायला लागले, त्याला विचार, त्याला सगळं माहितीये.

खोलीतल्या एका बिहारी इलेक्ट्रिशियनने विचारलं होतं, "चाचा, कौन सा पगार? बेसिक का, या पूरा?"

मी म्हटलं, "पगार मतलब पगार. इसमें कौन सा क्या है?"

त्याने मान हलवली. मी सगळ्यांना हिशेब करून दिले. माझा स्वतःचा तर पाठच होता. सगळं मिळून बावीसशे हातात येतात, त्याचे साठ टक्के तेराशेवीस, म्हणजे तीस हजार रुपये. नोकरी न करता. कधीकधी मला खरंच वाटायचं की एकदा जावी नोकरी.

माझा चुलतभाऊ अल ऐनला एका बंगल्यावर ड्रायव्हर आहे. त्याला मी फोन करून करून सुट्टीच्या दिवशी दुबईला बोलावलं, चल, तुझा विमा मी भरून देतो. बिचारा एवढा प्रवास करून आला. विमा भरायच्या मशीनने त्याला घेतलं नाही. मी म्हटलं, मशीन बिघडलंय. दुसऱ्या मशीनवर नेलं, तिथेही तेच. मी म्हटलं, हेही बिघडलंय. मागच्या माणसाने शेवटी कंटाळून सांगितलं, "घर का ड्राइवर है ना? घर में काम करने वालों का ये होता ही नहीं. और धंधे के मालिक का भी नहीं."

चुलतभावाला मी परत बसपर्यंत सोडायला गेलो. बसमध्ये चढताना म्हणाला, "दादा, अख्ख्या दिवसाची सुट्टी गेली, पण तू मला मालकाच्या पंगतीला बसवलंस. बरं वाटलं."

तर असा मी जाणकार. आणि मग खांब बसून दीड महिना झाल्यावर मला ऑफिसात बोलावलं.

ऑफिसातल्या एचआरच्या मॅडम पुण्याच्या. वयाने माझ्या भाचीएवढ्या, मला काका म्हणायच्या. समोर खुर्चीत बसवलं, पाण्याची बाटली दिली. बाटली दिली तेव्हाच कळलं.

"काका, गेटचं काम आता राहिलं नाही. दुसरीकडे कुठे बसवता येईल का बघितलं मी, पण नाही जमलं. तुमची काही चूक नाहीये. नोटिसचे पैसे, ग्रॅच्युइटी, सगळं नीट मिळेल."

मी म्हटलं, "ठीक आहे, मॅडम." मग म्हटलं, "एक विनंती होती. काढलं असं कागदावर नका लिहू. मी राजीनामा दिला असं लिहा."

हे समजायला आमच्या गावाचं एक सांगावं लागेल. आमच्या कोकणातल्या गावात राजीनामा हा मोठा मान आहे. दरवर्षी शिमग्याच्या आधी गावमंडळाचा अध्यक्ष राजीनामा देतो. मग चार माणसं त्याच्या घरी जातात, शाल-नारळ देतात, तो नाही नाही म्हणतो, आणि शेवटी गावासाठी म्हणून राजीनामा मागे घेतो. असे सात अध्यक्ष मी बघितले. ज्याने राजीनामा दिला नाही असा एकच होता, आणि त्याला पुढच्या वर्षी कुणी विचारलं नाही. तर मला वाटायचं, आयुष्यात एकदा आपणही राजीनामा द्यावा. आणि काढलं कुणी, तर खांबाने. हे गावात कोणत्या तोंडाने सांगणार?

मॅडम म्हणाल्या, "काका, राजीनामा लिहिला तर तुमचंच नुकसान आहे."

"नुकसान चालेल मॅडम. आपली इज्जत राहू दे."

मॅडमनी खुर्ची वळवली. मग कॉम्प्युटरवर काहीतरी केलं, कागद काढला, शिक्का मारला आणि माझ्यापुढे ठेवला.

"हे वाचून बघा. पटलं तर सही करा."

माझी शाळा चौथीपर्यंत. मराठी मी बोट ठेवून वाचतो, इंग्रजीत माझं नाव तेवढं ओळखतो. पण हे मी कंपनीत कधी कुणाला कळू दिलं नव्हतं, आणि वाचायचं कसं ते मला चांगलं जमतं. कागद छातीपासून हातभर लांब धरायचा. वरून खाली यायचं. मधे एका जागी थांबायचं, कपाळाला जरा आठी घालायची, पुन्हा दोन ओळी वर जायचं. मग हुं करायचं. त्या दिवशी मी हे सगळं केलं. माझं नाव सापडलं, शिक्का सापडला.

"छान लिहिलंय मॅडम," मी म्हटलं आणि सही केली.

मॅडमच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. म्हणाल्या, "बरं झालं काका. हा कागद जपून ठेवा, लागेल."

मी जपून ठेवला. पण आधी त्याचा फोटो काढला. शेवटच्या दिवशी मी कॅम्पात माझा निरोप समारंभ केला. शाल मीच आणली, नारळ मीच आणला, केरळवाल्याच्या किराणा दुकानातून, आणि शाल-नारळ त्या बिहारी इलेक्ट्रिशियनच्या हातात देऊन सांगितलं, आता हे मला दे. त्याला वाटलं मी लग्न करतोय. दुसरे दोघे टाळ्या वाजवायला उभे केले. त्यांनी विचारलं किती वेळ वाजवायच्या. फोटो चांगला आला. नारळ दुसऱ्या दिवशी मासळीच्या कालवणात गेला.

तो फोटो आणि कागदाचा फोटो मी गावच्या ग्रुपवर टाकला. फोनला बोललं की तो मराठीत लिहितो, तेवढं मला जमतं. मी बोललो, "अकरा वर्षांच्या सेवेनंतर आज मी स्वखुशीने कंपनीचा राजीनामा दिला. साहेबांनी फार थांबवलं. पण माझा निर्णय झाला आहे." खाली अंगठे आले, हात जोडलेले आले, एकाने गुलाबाचं फूल टाकलं. मी ते दिवसातून चारदा बघायचो.

बायकोचा फोन आला. म्हणाली, "मग आता घरी येताय ना?"

मी म्हटलं, "छे, दोन-तीन ठिकाणांहून बोलावणी आहेत. बघून ठरवतो."

बोलावणी एकही नव्हती. कॅम्पातली खाट सोडून मी अल कूझला एका खोलीत खाट घेतली, सहा जणांत सातवा. खाटेचे चारशे, मेसचे अडीचशे. व्हिसा रद्द झाल्यावर इथे राहायला थोडीच मुदत मिळते, तेवढ्यात काम शोधायचं. हातात आलेले पैसे बहुतेक घरी पाठवले होते, कारण राजीनामा देणारा माणूस कमी पैसे पाठवत नाही. मी रोज सकाळी गोदामांच्या रांगेने फिरायचो आणि प्रत्येक गेटवर आधी खांब आहे का बघायचो. प्रत्येक गेटवर होता.

तीन आठवडे असे गेले. विम्याचा विचार मनात येत होता, पण वाटायचं, राजीनामा दिलेला माणूस हात पसरतो कसा. मग पाकीट हलकं झालं आणि वाटायला लागलं, पसरला तर दिसतोय कुणाला. तेवढ्यात चुलतभावाचा फोन.

"दादा, तुझे विम्याचे तेराशे सुरू झाले का? सगळ्या मुलखाला शिकवत होतास."

दुसऱ्या दिवशी मी अर्ज भरून देणाऱ्या एका टायपिंगच्या दुकानात गेलो. आत एक मल्याळी क्लार्क होता, नाकावर चष्मा, एका बोटाने टाइप करणारा. त्याने बघितलंही नाही वर.

"कंपनी ने निकाला, या खुद छोड़ा?"

मी छाती काढून म्हटलं, "खुद छोड़ा."

"खलास. नहीं मिलेगा."

"क्यों?"

आता त्याने चष्म्यावरून बघितलं. आणि जी ऐकायला मी त्या दिवशी मशीनजवळ थांबलो नव्हतो, ती उरलेली अर्धी गोष्ट त्याने सांगितली. विमा सलग बारा महिने भरलेला पाहिजे. स्वतःहून सोडलेली नोकरी चालत नाही. मारामारी, चोरी असं काही करून हाकललं असेल तर तेही नाही. कंपनीने तुमची चूक नसताना काढलं, तरच. आणि नोकरी सुटल्यापासून तीस दिवसांच्या आत अर्ज. देश सोडला की पैसे बंद, नवी नोकरी लागली की बंद.

"सच बोलूं तो," मी आवाज खाली घेतला, "निकाला है."

"अभी तो बोला छोड़ा."

"वो ऐसे ही. बोलने में अच्छा लगता है."

"पेपर दिखाओ. पेपर में क्या लिखा है?"

कागद माझ्या खिशातच होता, प्लास्टिकच्या पिशवीत. पण तो मी काढला नाही. त्याच्यावर राजीनामा लिहिलाय हे मला पक्कं माहीत होतं, तो दाखवून मी स्वतःच्या हाताने दार का लावून घेऊ? शिवाय मी कुणासमोर कागद काढत नाही, काढला की लोक म्हणतात, जरा तूच वाच. मी म्हटलं, पेपर घर पे है. क्लार्क म्हणाला, "कितना दिन हुआ?" मी बोटं मोजली. सत्तावीस.

"यल्ला, जल्दी करो फिर," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

त्या संध्याकाळी मी खाटेवर पडून हिशेब केला. पैसे मिळाले तर काम मिळेपर्यंत खाट आणि जेवण सुटतं. नाही मिळाले तर आठवड्याभरात तिकीट काढून घरी, आणि गावात उतरल्यावर पहिला प्रश्न, राजीनामा दिला, मग परत का आलात? जी बढाई मी घरच्यांसाठी मारली होती, तीच मला घरी घेऊन चालली होती.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी मी कंपनीत गेलो. गेटवर पोचलो तर खांब खाली. मी समोर उभा राहिलो. त्याच्या कॅमेऱ्याने माझ्याकडे बघितलं, पण मला नंबर प्लेट नव्हती. मागून एक ट्रक आला, खांब लगेच वर गेला, मी ट्रकच्या बाजूने चालत आत शिरलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या गेटमधून दुसऱ्याच्या वशिल्याने गेलो.

मॅडमनी ओळखलं. "या काका. काम मिळालं?"

मी उभ्यानेच म्हटलं, "मॅडम, मला काढून टाका."

"म्हणजे?"

"मी राजीनामा मागे घेतो. माझ्या बोलण्यावर जाऊ नका, मी वेडा आहे. कागदावर लिहा की मला हाकललं. पाहिजे तर लिहा की खांबामुळे हाकललं. पण मारामारी केली असं नका लिहू, ते चालत नाही."

मॅडमनी मला आधी खुर्चीत बसवलं. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही राजीनामा दिलाच कुठे?"

"तुम्ही लिहिलात ना."

"मी नाही लिहिलं. मी म्हटलं वाचून बघा, पटलं तर सही करा. तुम्ही अख्खा कागद वाचलात, एका जागी तर दोनदा वाचलात, आणि म्हणालात, छान लिहिलंय. मला वाटलं काकांना पटलं. मला इतकं बरं वाटलं त्या दिवशी."

 मी खिशातून पिशवी काढून कागद त्यांच्यापुढे ठेवला. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी म्हटलं, "मॅडम, मला हे वाचता येत नाही. जरा वाचून दाखवता?"

त्या हसल्या नाहीत, हे मी लक्षात ठेवलंय. कागदावर बोट ठेवून त्यांनी एकेक ओळ मराठीत सांगितली. गेटवर यंत्र बसवल्याने हे पद रद्द झालं आहे. त्यामुळे कंपनी यांची नोकरी संपवत आहे. यात त्यांचा काही दोष नाही. त्यांनी अकरा वर्षं चांगलं काम केलं. शेवटची ओळ त्यांनी स्वतःहून घातली होती म्हणे, नेहमीच्या कागदात ती नसते. ती ओळ मी पुन्हा एकदा वाचायला सांगितली.

मग माझ्याच फोनवर त्यांनी अर्ज भरून दिला. शेवटी आकडा आला. त्या म्हणाल्या, "महिन्याला सहाशेसाठ, जास्तीत जास्त तीन महिने."

मी म्हटलं, "मॅडम, तेराशेवीस."

"कुठून आले तेराशेवीस?"

"बावीसशेचे साठ टक्के."

"बावीसशे तुमच्या हातात येत होते, काका. त्यात जेवणाचा भत्ता, ओव्हरटाइम सगळं आलं. विमा फक्त बेसिकवर. शेवटच्या सहा महिन्यांच्या बेसिकची सरासरी काढतात, त्याचे साठ टक्के. तुमचं बेसिक अकराशे."

म्हणजे मी ज्याला ज्याला हिशेब करून दिला होता तो प्रत्येक चुकीचा होता, आणि त्या बिहारी इलेक्ट्रिशियनने पहिल्याच दिवशी बरोबर प्रश्न विचारला होता. मी त्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "मालूम था चाचा. सब को मालूम था. आप इतना दिल से समझा रहे थे."

दहा-बारा दिवसांनी मेसेज आला, अर्ज पास. सहाशेसाठ, म्हणजे आपले पंधरा हजार. खाटेचे चारशे, मेसचे अडीचशे, वर दहा चहाला. जणू कुणी मोजून माझ्याच मापाचे शिवले होते. पुढे तिसरा महिना लागायच्या आत मला एका झाडांच्या नर्सरीत पाणी घालायचं काम लागलं, आणि विमा बंद झाला. झाडांना अजून कुणी कॅमेरा बसवलेला नाही. मी रोज बघतो.

पण अर्ज पास झाला त्या दिवशी मी बायकोला फोन केला. ठरवलं होतं, आता खरं सांगून टाकायचं. म्हटलं, "अगं, एक सांगायचंय. मी राजीनामा नव्हता दिला. मला काढलं होतं."

ती भाजी चिरत असावी, विळीचा आवाज येत होता. तो काही थांबला नाही.

"हो," ती म्हणाली.

"हो काय? तुला माहीत होतं?"

"तुम्ही कागद ग्रुपवर टाकलात ना. त्याच संध्याकाळी अंगणवाडीच्या बाईंनी सगळ्यांना वाचून दाखवला. खांबाचंसुद्धा कळलं. लोकांना वाईट वाटलं, म्हणून अंगठे दिले."

 मी म्हटलं, "मग इतके दिवस मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगायचं काय त्यात," ती म्हणाली. "इंग्रजी तेवढं तुम्हाला एकट्यालाच येत नाही, गावाला येतं."